काटकसर कुणाच्या जिवावर?

काटकसर हा शब्द आपल्याकडे बाईच्या पदराला गाठ मारूनच येतो. ‘मुलगी काटकसरी आहे’ हे लग्नाच्या बाजारातले प्रशस्तिपत्र. महिनाअखेरीला दूध कमी पडले की कोणाचा चहा कोरा होतो आणि भाजी संपली की कोण चटणीशी भाकरी खाते, हे वस्तीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा. आपण म्हणतो, घराने काटकसर केली. प्रत्यक्षात घरातल्या एकाच माणसाने ती केलेली असते आणि बाकीच्यांना ती कळतही नाही. हिशेबाच्या वहीत वाचलेले पैसे दिसतात. ते कोणाच्या ताटातून वाचले, हे लिहायला वहीत रकानाच नसतो.

मला आज जिच्याविषयी लिहायचे आहे ती काटकसर विमान कंपन्यांची आहे. हे वाचून काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी गृहीत धरते. रेशनच्या रांगा, रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि पाण्याचे हंडे सोडून ही बाई विमानातल्या खुर्च्यांचे रडगाणे का गाते आहे? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

पहिली गोष्ट, विमानात आता नुसते साहेबलोक बसत नाहीत. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याला ‘उडान’ योजनेचे पहिले विमान सोडताना, हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असे खुद्द पंतप्रधान बोलले होते. आखातात नोकरीला जाणाऱ्या परिचारिका आणि घरकामगार बायका विमानानेच जातात. दिल्लीच्या सुनावणीला, बैठकीला आपल्या संघटनांच्या बायकाही आता कधीमधी विमानाने जातात, कारण दोन दिवसांची रजा मिळत नाही. दुसरी गोष्ट, विमानात आणि विमानतळावर हजारो बायका नोकरी करतात. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: विमान कंपन्यांनी धंद्याची जी रीत बसवली आहे ती तिथेच थांबत नाही. आधी सेवेचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला वेगळी किंमत लावायची. माणसे कमी करायची. आणि त्यातून जो त्रास होईल त्याला ‘ग्राहकाची निवड’ म्हणायचे. हीच रीत आज दवाखान्यात आणि शाळेत शिरते आहे, उद्या एसटीच्या फलाटावर येईल. म्हणून ती जिथे उघडी दिसते तिथेच ओळखून ठेवलेली बरी.

कात्री कुठे चालते?

विमान कंपनीचा खर्च कशावर होतो ते पाहू. इंधनावर एकूण खर्चाच्या साधारण ३० ते ४० टक्के. त्यानंतर विमानाचे भाडे, कारण बहुतेक विमाने भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये मोजावे लागते. मग देखभाल, सुटे भाग, विमानतळाचे शुल्क. यातले काहीही कंपनीच्या हातात नाही. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, रुपया घसरला की भाडे आपोआप वाढते. मग कंपनीच्या हातात उरते काय? प्रवाशाच्या गुडघ्यापुढची जागा, शौचालयाची रुंदी, पाण्याची टाकी, जेवणाचा ट्रे, आणि नोकरीवरच्या माणसांची संख्या व त्यांचे तास. म्हणजे फिरून फिरून कात्री माणसाच्या शरीरावरच येते.

१९८७ साली अमेरिकन एअरलाइन्सने सॅलडमधले एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४०,००० डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात आजही कौतुकाने सांगतात. एका ऑलिव्हने कोणाचे काही बिघडत नाही, हे मान्य. पण त्या गोष्टीतून जो धडा घेतला गेला तो असा, की प्रवाशाला कळणार नाही इतके थोडेथोडे काढत राहायचे. अमेरिकेत १९७८ साली विमानवाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठले तेव्हा दोन रांगांतले अंतर साधारण ३५ इंच असे. आता ३१ च्या आसपास आहे, आणि स्वस्त म्हणवणाऱ्या कंपन्यांत २८-२९. आपल्याकडे १९९४ साली जुना कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना रान मोकळे झाले. त्या ‘खाउजा’च्या लाटेबरोबर हे इंचांचे गणितही आले. एअरबसचे ज्या जातीचे विमान आपल्याकडे सर्रास दिसते, त्यात पूर्वी १८० खुर्च्या असत. मागच्या बाजूची शौचालये आणि पँट्री आवळून त्याच लांबीच्या विमानात १८६ खुर्च्या बसवल्या गेल्या. म्हणजे खुर्च्यांची एक पूर्ण रांग शौचालयातून काढली!

अमेरिकेत २०१७ च्या सुमारास आलेल्या नव्या बोइंग विमानांत तर काही शौचालये जेमतेम २४ इंच रुंद होती. दोन फूट. साडी नेसलेल्या बाईने, गरोदर बाईने, कडेवर मूल असलेल्या बाईने तिथे काय करायचे? पुरुषाला ती जागा अडचणीची होते. बाईला, त्यातून पाळी चालू असलेल्या बाईला, ती जवळजवळ निरुपयोगी होते. आयर्लंडच्या रायनएअर कंपनीच्या प्रमुखाने २००९ साली विमानातल्या शौचालयाला नाणे टाकायचे कुलूप लावण्याची कल्पना मांडली, आणि पुढे तीनपैकी दोन शौचालये काढून सहा खुर्च्या वाढवण्याची. ती अमलात आली नाही. लोक हसले, कंपनीला फुकट प्रसिद्धी मिळाली. पण मुंबईत बायकांकडून मुतारीचे पैसे घेतले जातात आणि पुरुषांकडून नाही, हे २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेने चव्हाट्यावर मांडले, तेव्हा आपल्याला त्यात हसण्यासारखे काही दिसले नव्हते. नाण्याचे कुलूप विमानात यायचे आहे. जमिनीवर ते आपण कधीपासून सोसतो आहोत.

तिचे वजन, तिचे वय, तिचे लग्न

विमान कंपन्यांनी बाईच्या शरीराचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो प्रवासी बाईचा नव्हे, हवाईसुंदरीचा. हा शब्दच पाहा. कामाचे नाव सांगायच्या ऐवजी रूपाचे नाव सांगतो. आग लागली तर दीड मिनिटात विमान रिकामे करायचे प्रशिक्षण घेतलेल्या कामगार बाईला आपण ‘सुंदरी’ म्हणतो. मी यापुढे तिला विमानसेविकाही म्हणणार नाही, विमान कर्मचारी म्हणेन.

एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे ही बाई ३५ व्या वर्षी निवृत्त होत असे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जात असे आणि पहिल्या गरोदरपणातही जात असे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा आणि इतर या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. पण चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र ठेवली, आणि ती राखताना कुटुंबनियोजनालाही हातभार लागेल असा दाखला दिला! म्हणजे बाईची नोकरी, बाईचे लग्न आणि देशाची लोकसंख्या, सगळे एकाच काट्यावर. पुढे २००३ साली त्याच न्यायालयाने, बायकांनी ५० व्या वर्षी उडणे थांबवून जमिनीवर काम करावे आणि पुरुषांनी ५८ पर्यंत उडत राहावे, हा फरकही मान्य केला. या प्रत्येक लढाईत त्या बायका ‘नटव्या, गलेलठ्ठ पगाराच्या’ म्हणून हिणवल्या गेल्या आणि दुर्दैवाने आपल्या चळवळीतही त्यांना पुरेशी साथ मिळाली नाही. आपल्याला त्या ‘आपल्यातल्या’ वाटल्या नाहीत.

मग २०१३ साल उजाडले. तेव्हाच्या गोएअर कंपनीने जाहीर केले की, यापुढे विमानात फक्त बायकाच कामाला घेणार. कारण? बाई पुरुषापेक्षा १५ ते २० किलोने हलकी असते, त्यामुळे इंधन वाचते, वर्षाला अडीच ते तीन कोटी रुपये. त्याच यादीत विमानातले मासिक लहान करणे आणि पाण्याची टाकी कमी भरणे हेही होते. मासिक, पाणी आणि बाई, तिन्ही वजनाच्या एकाच रकान्यात. काहींनी तेव्हा या बातमीचे ‘महिलांना रोजगाराची संधी’ म्हणून स्वागत केले. मला विचाराल तर ही संधी नव्हती. जी नोकरी तुमच्या हलकेपणामुळे मिळते ती तुमच्या जडपणामुळे जाऊ शकते. बाळंतपणानंतर वजन वाढलेली बाई, थायरॉईड झालेली बाई, चाळिशीतली बाई यांचे त्या हिशेबात काय होणार होते? एवढे करून ती कंपनी टिकली असती तर एक वेळ गोष्ट वेगळी. पुढे नाव बदलून ‘गो फर्स्ट’ झाली आणि मे २०२३ मध्ये तिची विमाने जमिनीवर आली ती कायमची. किलोकिलोने वाचवलेल्या पैशाने कंपनी वाचली नाही.

दार बंद झाल्यावरच घड्याळ सुरू

विमान कर्मचाऱ्यांच्या कामाचा आणखी एक प्रकार आपण समजून घेतला पाहिजे, कारण तो आपल्या फार ओळखीचा आहे. जगातल्या अनेक कंपन्यांत त्यांचा तासाचा मोबदला मोजला जातो तो विमानाचे दार बंद होऊन विमान हलू लागल्यापासून. त्याआधी प्रवाशांना बसवणे, म्हातारीची पिशवी वर ठेवणे, रडणाऱ्या पोराच्या आईला जागा करून देणे, सुरक्षेची तपासणी करणे, उशीर झाला तर शिव्या खाणे, हे सगळे ‘उड्डाण’ नाही, म्हणून त्याचा तासाचा पैसाही नाही. बिनमोलाचे घरकाम म्हणजे काय हे ज्यांना अजून समजावून सांगावे लागते त्यांना हे उदाहरण द्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या १०,००० हून अधिक विमान कर्मचाऱ्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर संप केला. त्यांत सुमारे ७० टक्के बायका. सरकारने काही तासांतच कामावर परत जाण्याचा आदेश काढायला लावला. त्यांनी तो मानला नाही. चार दिवसांत कंपनीला समझोत्याला यावे लागले आणि जमिनीवरच्या कामाचा मोबदला मान्य करावा लागला. आपल्या वर्तमानपत्रांत याची बातमी ‘प्रवाशांचे हाल’ अशी आली. हाल झालेच. पण प्रवासी आणि कर्मचारी यांना एकमेकांसमोर उभे करून मालक मागच्या दाराने निघून जातो, हे गिरणी संपापासून आपण पाहत आलो आहोत.

प्रवाशाची सोय आणि कर्मचाऱ्याची सोय या दोन गोष्टी नाहीतच. आपल्याकडे दर ५० खुर्च्यांमागे किमान एक कर्मचारी असा नियम आहे. १८६ खुर्च्यांना चार. ‘किमान’ हा शब्द कंपन्या ‘कमाल’ असा वाचतात. चार बायकांनी तासा-दीड तासात १८६ माणसांना खाणे विकायचे, कचरा गोळा करायचा, शौचालय पाहायचे आणि कोणाला चक्कर आली तर तेही पाहायचे. त्यात कोणी एखादीला मुद्दाम धक्का मारला, हात लावला, तर तिने तक्रार करायला वेळ कुठून आणायचा? २०१७ च्या नियमात उपद्रवी प्रवाशांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. अंगचटीला जाणे, लैंगिक छळ हे दुसऱ्या पायरीवर येते आणि त्याला विमानबंदी जास्तीत जास्त सहा महिन्यांची. सहा महिने तो रेल्वेने जाईल.

डिसेंबर २०२५

कमी माणसांत काम भागवण्याच्या या धंद्याचे खरे रूप डिसेंबर २०२५ मध्ये देशाने पाहिले. वैमानिकांची झोप आणि विश्रांती यांचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीची उतरणी सहावरून दोनवर. थकलेल्या वैमानिकाच्या हातात दोनशे जीव देऊ नयेत, इतकी साधी गोष्ट. कंपन्यांच्या विरोधामुळे नियम लांबले, न्यायालयात गेले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या इंडिगो कंपनीने तेवढी माणसे तयारच ठेवली नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची विमाने पत्त्यांसारखी कोसळली. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. आणि सरकारने काय केले? विश्रांतीच्या नियमांतूनच त्या कंपनीला तात्पुरती सूट दिली. म्हणजे आजारी पडलेल्याला सोडून औषधालाच शिक्षा.

त्या दिवसांतली एक चित्रफीत तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. विमानतळाच्या काउंटरवर एक बाप आपल्या मुलीसाठी सॅनिटरी पॅड मागतो आहे, ओरडून मागतो आहे. चर्चा त्या बापाच्या हळवेपणाची झाली. चांगला बाप आहे, प्रश्न नाही. पण मला विचारायचे आहे ते असे: तासन् तास अडकून पडलेल्या त्या हजारो माणसांत त्या दिवशी पाळी आलेल्या बायका किती असतील? ज्यांच्याबरोबर ओरडणारा बाप नव्हता, त्यांनी काय केले? करोडोंच्या संगमरवरी इमारतीत अत्तराची दुकाने चोवीस तास उघडी असतात. अडकलेल्या प्रवाशाला जेवण-पाणी देण्याचा नियम आहे. त्या जेवण-पाण्यात पॅड का नाही? उत्तर एकच. नियम लिहिताना डोळ्यांसमोर जो ‘प्रवासी’ होता त्याला पाळी येत नव्हती.

लेकीच्या बाळंतपणाला

आता जरा आपल्या घरातल्या बाईकडे या. पुण्या-नाशिकच्या, सांगली-साताऱ्याच्या किती साठी उलटलेल्या बायका आयुष्यातला पहिला विमानप्रवास एकट्याने करतात, तोही थेट अमेरिकेचा? लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण करायला. सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा. तिकडे दाई ठेवणे परवडत नाही, म्हणून इकडून आई जाते. हे सात समुद्रापार केलेले बिनपगारी काम आहे, आणि त्याच्या जोरावर तिकडचे पगार चालतात.

ही आजी तिकिटाबरोबर चाकाची खुर्ची मागते. तिचे पाय धड असतात. तिला इंग्रजी येत नाही, पडद्यावरची दारांची यादी वाचता येत नाही, मधल्या विमानतळावर विमान बदलायचे म्हणजे पोटात गोळा येतो. पूर्वी अशा वेळी विचारायला काउंटरवर माणूस असे. आता तिथे यंत्र आहे. चाकाच्या खुर्चीबरोबर निदान ती ढकलणारा एक माणूस येतो, आणि आजीला हवा असतो तो माणूस. कंपन्या आणि वर्तमानपत्रे याला ‘खुर्चीचा गैरवापर’ म्हणतात. मी म्हणते, काउंटरवरचा माणूस तुम्ही काढलात, म्हणून बाईला पांगळे व्हावे लागते. गैरवापर झालाच असेल तर तो तिच्या म्हातारपणाचा, आणि तो तुम्ही केलात.

खरी गरज असणाऱ्यांचे तरी काय होते? फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या वृद्ध जोडप्याने दोन खुर्च्या आधी सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एक. त्यावर बायको बसली आणि ८० वर्षांचा नवरा शेजारून चालत निघाला. पारपत्र तपासणीपर्यंत पोचला आणि कोसळला, आणि गेला. कंपनीचे म्हणणे, त्यांना थांबायला सांगितले होते. एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड झाला. खुर्च्या आणि ढकलणारी माणसे पुरेशी ठेवण्याच्या खर्चापुढे ३० लाख म्हणजे किती? हा दंड एका मोठ्या विमानाच्या एका फेरीच्या तिकिटांत सहज निघतो.

आधी काढून घ्या, मग विका

२०१५ साली आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सेवा सुट्या करून विकायची मुभा दिली. आवडीची जागा, खाणे, सामान, सगळे वेगळे. तिकीट स्वस्त होईल, ज्याला हवे तो पैसे देईल. ऐकायला किती लोकशाहीवादी! झाले काय? आई एकीकडे आणि सहा वर्षांचे पोर दुसऱ्या रांगेत, अशी जागा वाटली जाऊ लागली. शेजारी बसायचे तर पैसे भरा. एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयालाच आदेश काढावा लागला, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकीट नोंदीतल्या निदान एका पालकाशेजारी बसवा. स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोचा दंड केला, त्यातले एक कारण हेच होते. आईने मुलाजवळ बसणे ही ‘जादा सेवा’ ठरवायला कंपन्यांना लाज वाटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या संस्थेतली एक पंचावन्न वर्षांची कार्यकर्ती गेल्या वर्षी दिल्लीच्या बैठकीला गेली. मधुमेह असल्यामुळे तिला वरचेवर उठावे लागते. कंपनीने जागा दिली खिडकीची, दोन पुरुष ओलांडून बाहेर येण्याची. कडेची जागा हवी तर चारशे रुपये. मी ते भरले. महिनाअखेर हिशेबनीसाने ती पावती परत केली, देणगीदाराच्या नियमात ‘ऐच्छिक सुविधा’ बसत नाही म्हणून. वारंवार लघवीला जाणे ऐच्छिक आहे, हे कंपनीने ठरवले आणि देणगीदाराने मान्य केले. त्या बाईने पुढच्या वेळी काय केले? सकाळपासून पाणीच प्यायली नाही. ही आपल्या बायकांची जुनी युक्ती. शेतावर, बाजारात, एसटीत आणि आता आकाशातही तीच.

मे २०२४ मध्ये इंडिगोने बायकांसाठी एक सोय आणली. जागा निवडताना शेजारची जागा बाईने घेतली आहे का, ते बाईला दिसते. अनेकींना याचा आधार वाटला, तो मी नाकारत नाही. लोकलच्या लेडीज डब्याची किंमत आपल्याला माहीत आहे. पण लेडीज डब्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही. इथे जागा निवडायची म्हणजे बहुतेक वेळा पैसे मोजायचे. शिवाय छळ करणाऱ्याला आवरण्याची जबाबदारी कंपनीवरून निसटून बाईच्या निवडीवर येते. उद्या काही घडले तर विचारतील, ‘मग बाईशेजारची जागा का नाही घेतलीस?’

‘पण तिकीट स्वस्त झाले ना?’

हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार मुद्दा. एवढी कात्री लावली म्हणूनच गरीब बाई विमानात बसू शकली, तुम्ही सोयी मागाल तर तिकीट महागेल आणि तीच पहिली उतरेल, असे म्हणतात. मी याला दोन उत्तरे देते.

एक, स्वस्ताई सरसकट नाही. गणपती, दिवाळी, मे महिना, कुठे संकट, अशा वेळी तेच तिकीट तिप्पट होते. डिसेंबर २०२५ च्या गोंधळात दर इतके भडकले की सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. बाईचा प्रवास बहुतेकदा असाच अचानक ठरतो. आई गेली, लेक अडली, वडील दवाखान्यात. तीन महिने आधी तिकीट काढणाऱ्याची स्वस्ताई आणि काळजी वाहणाऱ्या बाईची महागाई, ही एकाच धंद्याची दोन टोके आहेत.

दोन, स्वस्त प्रवास देण्याचे दुसरे मार्ग असतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीने महाराष्ट्रातल्या बायकांना निम्मे तिकीट केले. त्यासाठी गाडीतली बाके अरुंद केली नाहीत. सवलतीचा भार सरकारने उचलला. एसटीच्या स्थानकांतली मुताऱ्यांची दुर्दशा मी जाणते, त्यासाठी आपण भांडतोच. पण तिथे भांडायला विभाग नियंत्रकाचे दार तरी आहे. विमान कंपनीत भांडायला गेलात तर पडद्यावर एक खोटे नाव धारण केलेले यंत्र विचारते, ‘मी आपल्याला कशी मदत करू?’

मागायचे काय?

मागण्या साध्या आहेत. खुर्चीतले अंतर आणि शौचालयाची रुंदी यांची किमान मर्यादा कायद्याने ठरवा. अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये खुर्चीबाबत असा आदेश दिला होता. तिथल्या यंत्रणेने वेळ काढला, आपण काढू नये. शौचालयात आणि अडकलेल्या प्रवाशांच्या हक्कात सॅनिटरी पॅडचा समावेश करा. आजार, गरोदरपण, वय यासाठी कडेच्या जागेचे पैसे घेऊ नका. प्रत्येक विमानतळावर स्थानिक भाषा बोलणारी माणसे ठेवा, कंत्राटी नव्हे, कायम. विमान कर्मचाऱ्यांना दार उघडे असतानाच्या तासांचा पूर्ण पगार द्या. वजनाच्या आणि रूपाच्या अटी काढून टाका.

आणि आपल्यासाठी एक. विमान कर्मचारी बायकांच्या संघटनांशी आपण बोलले पाहिजे. मोलकरीण संघटना, अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका यांच्याबरोबर त्यांनाही आपल्या मेळाव्याला बोलवा. त्यांची लिपस्टिक पाहून दूर राहू नका. ती लिपस्टिक नोकरीच्या अटींत आहे. हसतमुख राहण्याची सक्ती, वजनाचा काटा, न मोजलेले तास आणि कोणीही हात लावला तरी ‘सर’ म्हणायचे, हे सगळे मोलकरणीला आणि नर्सला समजावून सांगावे लागणार नाही. दोघी एकमेकींकडे बघतील आणि ओळखतील.

पुढच्या वेळी कोणतीही कंपनी, कोणतेही सरकार, कोणतीही संस्था ‘खर्चात काटकसर’ असे म्हणाली, की आपण एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचा: कोणाच्या ताटातून?